पान्याला लावलेलं ग्रीस

फेब्रुवारीत फौजेची आमची रिपेअर पार्टी वर, बर्फातल्या पोस्टवर गेली. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. माझ्याबरोबर हाताखालचा नायक सुखदेव. मी सौंसरचा, तो शेजारच्या लोधीखेड्याचा. हजारो मैलांवर आपली बोली बोलणारा तेवढा एकच माणूस होता.

निघण्याच्या आदल्या दुपारी मी टूल किट भरलं. कॅनव्हासची गुंडाळी, प्रत्येक हत्याराचा ठरलेला कप्पा: रिंग पाने, पक्कड, पेचकस, छन्नी, हातोडी, शेवटी अॅडजस्टेबल पाना. हत्यारं कोरडी पुसून पातळ तेलाचा हात फिरवायचा, अशी ऑर्डर होती. माझे वडील संत्र्याच्या बागांमधली पंपाची इंजिनं दुरुस्त करत. पावसाळ्याआधी ते हत्यारांना जाड ग्रीस चोपडत, गंज धरू नये म्हणून. मीही तेच केलं. ते मला ऑर्डरपेक्षा खरं वाटलं.

सुखदेव बघत होता.

"भाऊ, पान्याले लोणी लावून राहिले का?"

"गंज नाही चढत."

"वर थंडीत गोठते न हे."

"तू मले शिकवतं का? आपला बिस्तरा बांध."

तो हसला आणि बिस्तरा बांधायला गेला.

आठव्या दिवशी सकाळी ९.५० ला मेसेज आला. रसदीची गाडी उताराखाली बंद पडली होती. ऊन लागलं की त्या उतारावरचं बर्फ सुटतं, म्हणून अकरानंतर तिथे थांबायला मनाई होती. आम्ही १०.२५ ला पोचलो. डिझेलच्या पाइपचा नट ढिला झाला होता. आधी कुणीतरी त्याचे कोपरे झिजवून तो गोल करून ठेवला होता, मापाचा पाना घसरत होता. अॅडजस्टेबल लागणार होता. मी तो काढला. जबडा मागेपुढे करायची चाकी फिरेना. ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं.

सुखदेव म्हणाला, "काखेत धरा भाऊ. पंधरा मिनिटांत सुटते."

मी घड्याळ पाहिलं. खरं सांगायचं तर घड्याळापेक्षा मला त्याचं तोंड दिसत होतं. तो हसत नव्हता, तरी मला तो हसतोय असं वाटलं.

"पुढच्या पोस्टवरून पाना घेऊन ये. जा."

"जी."

१०.४० ला तो निघाला. सातशे मीटर, उताराखालूनच; त्या उंचीवर, बर्फातून चालत पाऊण तास. मग मी कोटाची बटणं उघडली आणि पाना काखेत धरला. १०.५५ ला चाकी फिरली. नट आवळला. ११.०५ ला इंजिन सुरू झालं. ११.१० ला पुढे मोठा आवाज झाला आणि रस्ता दिसेनासा झाला.

मी रेडिओ घेतला.

"एक जवान भेजा है, पाना लेने. पहुँचा? ओव्हर."

"नहीं पहुँचा. ओव्हर."

"फिर देखो. ओव्हर."

"यहाँ कोई नहीं आया. ओव्हर."

दुपारी साडेतीनला तो बर्फाखाली सापडला.

चौकशीत मला विचारलं, किट पूर्ण होतं का? मी म्हणालो, होय सर. ते खोटं नव्हतं. ग्रीसबद्दल कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुढे नऊ वर्षं नोकरी केली. मेसमध्ये जेवताना माझ्या बाजूला कुणी बसलं की मी लवकर उठत असे.

निवृत्त होऊन सौंसरला आलो. लोधीखेडा जवळच आहे, पण जायला तीन वर्षं लागली. या हिवाळ्यात गेलो. त्याची आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती सोलतच राहिली.

"त्यानं सांगतलं होतं न तुले?"

"हो माय."

"मंग आयकलं काऊन नाही?"

मी खाली पडलेली एक शेंग उचलून तिच्यापुढे ठेवली. मग तीच म्हणाली, "घरी बी त्याचं कोणी आयकत नव्हतं. सगळ्यात लहान होता न." आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. जा असं ती म्हणाली नाही, थांब असंही नाही. मी उठलो.

चौकशीच्या कागदांत जे नाही ते इथे लिहून ठेवतो. नायक सुखदेव यानं दोनदा बरोबर सल्ला दिला होता. त्याच्या हवालदारानं दोन्ही वेळा तो वेळेवर मानला नाही. चुकीची ऑर्डर मिळाल्यावर तो "जी" म्हणाला आणि गेला.