लुनागच्या आईचा चमचा

नवा लाकडी चमचा तीन आठवड्यांत शंभर वर्षांचा करायचा, तर तो लुनागनेच. डोंगरातल्या आमच्या हापाओ गावात त्याच्या हाताला तोड नव्हती. कोरून झालं की तो डुकराच्या चरबीत चिंधी बुडवून चमचा घासायचा, चुलीवर टांगून धूर द्यायचा, पुन्हा घासायचा. मग दांड्यावर कोरलेल्या उकिडव्या माणसाचं नाक रानडुकराच्या सुळ्याने असं झिजवायचा, की वाटावं चार पिढ्यांचे अंगठे फिरलेत. जवळच्या बानावे गावचा व्यापारी रुफिनो ते चमचे फिरायला आलेल्या पाहुण्यांना ‘पणज्याच्या वेळचे’ म्हणून विकायचा. कुणी टोकलं तर लुनाग म्हणायचा, “मी कुठे खोटं बोलतो? मी चमचे करतो. बोलतो तो रुफिनो.”

त्याची आई इनहाबियन ऐंशीच्या घरातली; आईला तो आमच्याकडच्यासारखं ‘इना’ म्हणायचा. तिला हे मुळीच आवडत नसे. घरात ज्याचा त्याचा चमचा ठरलेला, सगळे चुलीजवळच्या वेताच्या टोपलीत. तिचा चमचा तिच्या बापाने कोरलेला. त्याला तिने कधी राख लावली नाही, साबण तर नाहीच. तांदूळ धुतलेल्या पाण्यात विसळायचा, तळव्याने पुसायचा, झालं. भात, गोगलगायींचा रस्सा आणि हाताचा घाम पिऊन पिऊन तो काळा झाला होता, आणि अंगठ्याखालचं नाक पार गेलं होतं.

“लाकडाला रोज हात लागला की पुरे,” ती म्हणायची. “चरबी कसली फासतोस मेल्या? लाकूड आहे ते, तुझं टक्कल नाही!”

एका वर्षी रुफिनोने एकदम चोवीस चमचे मागितले. म्हातारी दीड महिना लेकीकडे गेली होती. लुनागने तिचा चमचा नमुना म्हणून टोपलीतून काढला आणि त्यावर बघून बघून चोवीस कोरले. तिथवर ठीक होतं. पण बघायला सोपं पडावं म्हणून त्याने तो बाकीच्यांच्या ओळीतच चुलीवर टांगला, आणि रोज चिंधी फिरवताना त्याच्यावरही फिरवली. पंचवीस चमचे ओळीने लटकत असले की हात कुठे थांबतोय? रुफिनो ठरल्याच्या एक दिवस आधीच येऊन धडकला आणि रस्त्यावरून हॉर्न मारत सुटला. लुनागने घाईघाईत चोवीस मोजून दिले आणि उरलेला आईचा म्हणून टोपलीत ठेवला.

म्हातारी परत आली, जेवायला बसली आणि पहिल्याच घासाला थांबली.

“याला वास कसला येतोय रे?”

“लाकूड सुकलं होतं, इना. जरासा चरबीचा हात फिरवला.”

“हं,” म्हणून ती जेवू लागली.

जेवण झाल्यावर चमचा विसळताना लुनागने तो उजेडात धरला. खोलगट भागात केसाएवढा एक ओरखडा होता. त्याच्या पटाशीच्या धारेला खाच पडली होती, तिचा ओरखडा. म्हणजे हा त्याच्याच हातचा; आईचा रुफिनोच्या चोवीसात गेला होता. अख्ख्या जगाला फसवणारी कारागिरी, आणि तीत फसला कोण, तर हा स्वतः!

दुसऱ्या दिवशी तो बानावेला धावला. चमच्यांची खोकी सकाळच्या बसने मनिलाला गेली होती.

रुफिनो पोट धरून हसला. “त्यातला खरा कुठला? बाबा रे, मी तर सगळेच खरे म्हणून विकले!”

लुनाग हात हलवत घरी आला. तेव्हाच बोलला असता तर निभावलं असतं. तो बोलला नाही, हेच त्याचं पाप. चार महिने तो आईसमोर जेवायला बसला आणि चार महिने त्याने मान वर केली नाही. ती तो खोटा चमचा तोंडाला लावायची आणि लुनाग ताट सारून उठायचा. रुफिनोच्या नव्या मागणीला त्याने नकार दिला. बायको विचारायची, पोट बिघडलंय का? तो हो म्हणायचा.

शेवटी कापणी झाल्यावर एका सकाळी, म्हातारी अंगणात शेंगा वाळत घालत होती, तेव्हा तो तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला.

“इना, तुझा चमचा मी घालवला. हा माझ्या हातचा आहे.”

“ठाऊक आहे,” ती शेंगा पसरत म्हणाली.

“वासावरून?”

“वास चार दिवसांत जातो. माझ्या चमच्याच्या खालच्या कडेला दोन बारीक खड्डे होते. घास घेताना खालच्या ओठाला लागायचे.” तिने बोटाने ओठ दाखवला. “तुला पहिले दात आले तेव्हा तू चावला होतास. पेज भरवत होते तुला, सोडेचनास. पन्नास वर्षं दर घासाला लागायचे ते मला. आणि तू, एवढा नजरेचा माणूस, चोवीस कोरलेस, पण मूळचा कधी उलटा करून पाहिला नाहीस!”

लुनागला रडू कोसळलं. “मी करून देतो, इना. तसेच दोन खड्डे, हुबेहूब...”

“कशाने करशील? पटाशीने?” म्हातारी भडकली. “चाव ना! चावून दाखव! सुपारी चघळून चघळून पुढचा एक तरी दात राहिलाय का तुझ्या तोंडात?”

आत जाऊन तिने तो चमचा आणला आणि त्याच्या हातात कोंबला. “हा तूच वापर. मला माझा हात आहे.”

ती आणखी सहा वर्षं जगली आणि हातानेच जेवली. रुफिनोने पुन्हा दोनदा निरोप धाडला, पण लुनागने परत चमच्याला चरबी लावली नाही.

आता तो त्याच चमच्याने जेवतो, तांदळाच्या पाण्यात विसळतो, तळव्याने पुसतो. चमचा चांगला काळा झालाय. बघणाऱ्याला जुनाच वाटतो. पण दर घासाला त्याचा खालचा ओठ कडेवर जरा थांबतो, चाचपतो. कड गुळगुळीत लागते.