जिन्यावरची पावलं

वेफर्सच्या कारखान्यात त्याला सगळे ‘जिभल्या’ म्हणत. वय सव्वीस. तळून निघालेल्या प्रत्येक घाण्यातले वेफर्स चाखायचे आणि मीठ बेताचं आहे की नाही ते सांगायचं, हे त्याचं काम. “लेका, चरायचा पगार मिळतो तुला!” मित्र म्हणत.

पण हळूहळू त्याला सगळंच अळणी लागायला लागलं. “कमी आहे,” तो म्हणे. बाजूला चाखायला बसलेले तीन पोरगे आणि एक मुलगी, चौघंही माना डोलावत आणि मीठ आणखी थोडं वाढे. घरी ताटातल्या भाजीवर तो मिठाची डबी उपडी करी. “अरे, मी मीठ विसरले नाही,” आई कुरकुरे.

मग पावलं ऐकू यायला लागली.

रविवारी दुपारी तो आडवा झाला होता. धप, धप, धप. कुणीतरी जड पायांनी चालत होतं.

“आई, वर कोण चालतंय?”

“वर? गच्चीवर कोण असणार?”

तो जिना चढून गेला. पावलं त्याच्यासोबत चढली. तो धावला, तीही धावली. गच्ची रिकामी होती, उन्हात दोरीवर एक चादर लटकत होती. तो थांबला. पावलं मात्र थांबली नाहीत.

थोरली बहीण दवाखान्यात नर्स होती. तिला सांगितलं तर ती हसली नाही. त्याच्या दंडाला पट्टा बांधून तिनं मशीनकडे बघितलं, मग पुन्हा एकदा मोजलं.

“नाडीवर बोट ठेव. पावलं ह्याच ठोक्यावर पडतात का?”

पडत होती.

“वर कुणी नाही रे. तुझंच रक्त कानात वाजतंय. मिठानं प्रेशर चढवून ठेवलंयस, आणि त्याला आवरणारं पोटॅशियम पोटात जाईल कुठून? फळाला, पालेभाजीला तू शिवत नाहीस!”

डॉक्टरांनी किडनी तपासली, गोळ्या दिल्या. मीठ तोडलं; केळी, पालेभाजी, डाळी सुरू झाल्या. आधी सगळं कागद चावल्यासारखं लागे. मग एका सकाळी बिनमिठाचा उकडलेला बटाटा त्याला गोड लागला. आई दुसरा सोलायला बसली.

कामावर परतल्यावर पहिलाच वेफर त्यानं थुंकून टाकला. “खारट ढोण आहे!”

चौघांनी चघळता चघळता त्याच्याकडे बघितलं. सगळे त्याच्याच वयाचे. चेहरे सुजलेले, अंगठ्या बोटांत रुतलेल्या. हे त्याला आजवर दिसलंच नव्हतं.

“छे, कमीच आहे,” एक म्हणाला. बाकीच्यांनी एकदमच मान डोलावली.

“माझ्या ताईकडे चला रे एकदा.”

“आम्ही खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं!” चौघंही हसली. हसताना जबडे चालूच होते.

त्यानं गोदामात बदली मागून घेतली. काही आठवड्यांनी त्या चौघांतली एक मुलगी गोदामाच्या दारात येऊन उभी राहिली. मागच्या रिकाम्या वाटेकडे सारखी वळून बघत होती.

“तुझी ताई कुठल्या दवाखान्यात असते?”

त्यानं हातातलं खोकं खाली ठेवलं, गोदामाला कुलूप लावलं आणि तिच्यासोबत निघाला.