आधी आणि मग

माझ्या माहेरच्या गावाइतकी अर्धी पुस्तकं साऱ्या मुलखात कुठे नसतील, आणि त्याचं श्रेय म्हणा, खापर म्हणा, एकट्या लायब्ररीवाल्या अण्णांच्या माथ्यावर आहे. बाकीचे ग्रंथपाल पुस्तकांना पुठ्ठे घालतात, शिक्के मारतात, पान फाटलं तर हळहळत चिकटवतात. आमचे अण्णा पुस्तकं कापायचे. नवी कोरी, वासही न गेलेली कादंबरी समोर घ्यायची, मधे कुठेतरी बोट ठेवायचं आणि चपला शिवणाऱ्या शेजाऱ्याकडून आणलेल्या रापीने तिचे दोन तुकडे करायचे, हा त्यांचा शिरस्ता. दोन्ही तुकडे दाभणाने शिवायचे, सिमेंटच्या पोत्याच्या कागदाचं कव्हर चढवायचं आणि एकावर लिहायचं ‘आधी’, दुसऱ्यावर ‘मग’. पूर्वार्ध, उत्तरार्ध हे शब्द त्यांना येत नव्हते असं नाही, चांगले मराठी शाळेचे मास्तर होते. पण ते म्हणत, “पूर्वार्ध म्हणलं की मानसाला परीक्षा आठवते.”

आमचं गाव सीमाभागातलं, राजेश्वरहून आत वळलं की लागतं. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि भांडण रंगात आलं की दखनी, अशी तिथली रीत. अण्णांच्या लायब्ररीतही एक कपाट मराठीचं, एक कन्नडचं, आणि रापी दोन्हीकडे सारखीच चालायची. लायब्ररी म्हणजे बाजाराला लागून असलेली पत्र्याची खोली. नोकरीत असताना शाळा सुटल्यावर आणि पुढे निवृत्तीनंतर दिवसभर अण्णा तिथे बसायचे. कापाकापी कशी सुरू झाली ते त्यांनीच एकदा सांगितलं होतं. एक तूरवाला शेतकरी दर बाजाराला यायचा, एक जाडजूड कादंबरी उचलायचा, हातात तोलायचा आणि “एवढं कवा व्हायचं गुरुजी, राशी झाल्यावर बगू,” म्हणून ठेवून द्यायचा. मळणी होऊन राशी लागल्या, पेरण्या झाल्या, कादंबरी जागची हलली नाही. तिसऱ्या वर्षी अण्णांनी ती कापली आणि वरचा तुकडा त्याच्या हातात ठेवला. चौथ्या दिवशी गडी भर उन्हात चालत आला. “गुरुजी, ह्याच्या फुडचं कुटं हाय?” अण्णा सांगत, आपण मास्तर झालो हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पटलं.

कापायची जागा ते पानं मोजून ठरवत नसत. पुस्तक पहिल्या पानापासून स्वतः वाचत जायचे, आणि गोष्ट ऐन भरात आली, कुणी दार वाजवलं, कुणाचा पाय विहिरीच्या काठावरून घसरला, की त्यांचं बोट तिथेच थांबायचं. त्यामुळे काही ‘आधी’ भाकरीसारखे पातळ असत तर काही उशीएवढे जाड. ‘आधी’ परत आणून दिल्याशिवाय ‘मग’ मिळत नसे, आणि त्याआधी एक प्रश्न ठरलेला असे. चष्मा कपाळावर सरकवून अण्णा विचारत, “मग काय हुईल, सांग.” आपण सांगायचं. कुणी दोन वाक्यांत आटपे, कुणी अर्धा तास घेई. अण्णा मन लावून ऐकत, पण बरोबर की चूक ते कधी सांगत नसत. चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. आम्ही त्याला त्यांचा खाष्टपणा समजत होतो, त्याचं खरं कारण मला कळायला फार वर्षं जावी लागली.

आमच्या गल्लीतली एक म्हातारी सुनेकडून पुस्तक वाचून घ्यायची. ‘आधी’ झालं, ‘मग’ घरी आलं, आणि दुसऱ्याच दिवशी सून बाळंतपणाला माहेरी गेली. म्हातारी तडक लायब्ररीत. “सून यायला चार म्हैने हायत. तवर त्या पोरीचं काय झालं, तेवढं सांग की रे बाबा.” अण्णा म्हणाले, “सांगत न्हाई. वाच.” म्हातारीने आधी त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या, त्या ऐकायला अर्धा बाजार जमला होता, आणि मग मुकाट पाटीवर ‘ग’ गिरवायला बसली. चार महिन्यांनी सून बाळाला घेऊन आली तेव्हा म्हातारी उंबऱ्यात बसून ओळीखाली बोट धरून वाचत होती. सुनेने पुस्तकाला हात लावला तर म्हणाली, “माझं हुंदे आधी. तू लेकराकडं बग.”

गोंधळही व्हायचे. एका किराणा दुकानदार अप्पांना एका दुःखी संसाराचं ‘आधी’ गेलं आणि चुकून एका खुनाच्या तपासाचं ‘मग’ गेलं. अप्पांनी दोन्ही शांतपणे वाचून परत केली आणि शेरा दिला, “बाईचं लय वाईट झालं गुरुजी, पर त्यो फौजदार देवमाणूस निघाला.” अण्णांनी त्यांना दुरुस्त केलं नाही. मी हसायला लागले तर मलाच दटावलं. “त्येला जुळलं ना? मग तुला कामून तरास व्हायलाय?”

आता माझं स्वतःचं प्रकरण सांगायला हवं, ते सांगायची लाज वाटते म्हणूनच इतका वेळ इतरांचं सांगत बसले. लग्नाच्या आठवड्यात, हळकुंडं आणि पाहुणे यांच्या गर्दीतून सुटून मी लायब्ररीत गेले आणि एक ‘आधी’ घेऊन आले. नवंच कापलेलं, त्याची पहिली वाचक मी. एका नर्सबाईची गोष्ट होती. बदलीचा कागद हातात आलेला, सामान बांधलेलं, घर रिकामं. ती दार ओढून घेते, कुलपात किल्ली फिरवते आणि हाक येते. तिथे रापी चाललेली. “लग्नाआधी आणून देते,” म्हणाले होते. दिलं नाही. पुस्तक माझ्या ट्रंकेतून कलबुर्गीला सासरी आलं, आणि पहिल्या सणाला परत न्यायचं राहिलं, दुसऱ्याला विसरले, तिसऱ्यापासून तोंड दाखवायची चोरी झाली. अण्णांच्याच हाताखाली शिकून मी स्वतः शिक्षिका झाले, मुलांना ‘लायब्ररीची पुस्तकं वेळेवर द्या’ म्हणून दरडावू लागले, आणि माहेरी गेले की बाजाराची वाट सोडून मागच्या बोळाने घरी जाऊ लागले. अशी तीस वर्षं गेली. पोळ्या लाटताना, पेपर तपासताना ती बाई कुलपाला हात लावून उभी असायची, आणि आतून तिला कुणी हाक मारली ते मला ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी माहेरवाशिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. चहाच्या टपरीवर चिकटवलेला कागद, अक्षर अण्णांचं. पत्र्याची ती खोली आता पडणार होती, अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि गुडघ्यांत कुरकुर, म्हणून पुस्तकं बसवकल्याणच्या एका वाचनालयाने घ्यायचं कबूल केलं होतं. तिथले साहेब भले गृहस्थ होते, पण त्यांची एक अट होती. पुस्तक अख्खं पाहिजे. अर्ध्याची नोंद कशी करणार? जुळली नाहीत ती रद्दीत. अण्णांनी आयुष्यभर कापलेलं आता पुढच्या सोमवारपर्यंत शिवायचं होतं, आणि निम्मी ‘आधी’ मुलींबरोबर उमरग्याला, उदगीरला, सोलापूरला नांदायला गेली होती. कागदावर मुलीचं नाव, तिचं सासर आणि पुस्तक अशी यादी होती. तिसऱ्या ओळीत मी होते. चहा पिणाऱ्या प्रत्येकाने मला वाचलं होतं.

त्यानंतर आठ दिवस त्या भागातल्या बसचे कंडक्टर पुस्तकं वाहत होते. कुणी जावयाबरोबर पाठवलं, कुणी लाडवांच्या डब्यात घालून. मलाही पाठवता आलं असतं. तीन वेळा पाकीट तयार केलं आणि तीन वेळा उघडलं. शेवटी रविवारी सकाळी ‘आधी’ पिशवीत टाकून मी स्वतःच निघाले.

अण्णा खोलीत जमिनीवर बसले होते. भोवती पुस्तकं, हातात दाभण, आणि शेजारची एक बाई त्यांना सुईत दोरा ओवून देत होती. मी काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं, ते सगळं विसरले.

“अण्णा, उशीर झाला,” एवढंच म्हणाले.

मी पुढे केलेलं पुस्तक त्यांनी हाताने चाचपलं, नाकाजवळ नेलं. “आलीस व्हय माय. बस.” मागे वळून न बघता त्यांनी खालच्या फळीवरून एक ‘मग’ ओढून काढलं. कव्हर इतकं कोरं होतं की सिमेंटच्या पोत्यावरची कंपनीची चित्रं अजून ताजी दिसत होती. मला रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“मग काय हुईल, सांग.”

अठराव्या वर्षी मी ठामपणे सांगितलं असतं की ती मागे वळणार नाही, निघून जाईल. आता म्हणाले, “दार उघडल ती. आत कोन हाय ते बगल्याबिगर तिचा पाय निघायचा न्हाई.”

अण्णांनी ते मन लावून ऐकलं. मग मीच धीर करून विचारलं, “बरोबर हाय का? तेवढं तरी सांगा आता.”

“मला कुटं ठाव हाय?” अण्णा म्हणाले. “मी वाचलंच न्हाई.”

मी त्यांच्या पुढ्यात सरकून बसले.

“पंगतीत वाढणाऱ्यानं आधी जेवू नये माय. जिथं कापलं तिथं मी बी थांबायचो. पयला वाचणारा ‘मग’ वाचून आणून देईल तवा मी वाचायचो. तू आली न्हाईस. ऱ्हायलं.”

तीस वर्षं मी मागच्या बोळाने गेले होते, आणि तीस वर्षं हा माणूस पंगतीच्या टोकाला उपाशी उभा होता. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. अण्णांनी मला रडू दिलं, दोऱ्याला गाठ मारली आणि म्हणाले, “डोळे पूस. मला दिसत न्हाई आता, तुलाच वाचायचंय.”

मी मोठ्याने वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत कळलं की घर रिकामंच होतं. हाक आतून आलीच नव्हती. मागून शेजारीण धावत आली होती, वाटेसाठी भाकरीचा डबा द्यायला. अण्णांनी आधी ती ओळ पुन्हा वाचायला लावली आणि मग ते पोट धरून हसायला लागले. “आन मी तीस वर्षं काळजी करायलोय, त्या घरात कोन कोंडून ऱ्हायलंय म्हनून!” दुपार टळेपर्यंत आम्ही शेवटच्या पानापर्यंत गेलो. मग त्यांनी दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले आणि शिवले. टाके वाकडे पडले, तरी पुस्तक अख्खं झालं.

सोमवारी पुस्तकं गेली. सात ‘मग’ मागे राहिले, त्यांचे ‘आधी’ आलेच नाहीत. साहेबांनी ते बाजूला काढले तेव्हा अण्णांनी ते उचलून घरी नेले आणि ट्रंकेत ठेवले. वाचले नाहीत, कुणाला वाचून दाखवायलाही सांगितलं नाही. ते ‘आधी’ नेणाऱ्या मुलींतली एक आता या जगात नाही हे गावात सगळ्यांना माहीत आहे, अण्णांनाही. तरी तिचं ‘मग’ तसंच आहे.

आता दर रविवारी मी त्यांना फोन करते आणि जे पुस्तक वाचत असेन ते सांगते. गोष्ट ऐन भरात आली की थांबते. “मग काय होईल, सांगा अण्णा.” ते सांगतात, कधी दोन वाक्यांत, कधी अर्धा तास. मी बरोबर की चूक ते सांगत नाही, ‘पुढच्या रविवारी’ म्हणते. “लय वाईट खोड लागली तुला,” अण्णा कुरकुरतात. लागली खरी. परवा त्यांचा आवाज फार बारीक आला, मधेच दम लागला, तेव्हा गोष्ट संपायला एकच पान उरलं होतं. ते मी मुद्दामच ठेवून दिलं. माझ्यासाठी ते तीस वर्षं थांबले, एका रविवारपुरते नक्की थांबतील.