उशी दाबून खोकणं

बायकोच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग लातूरला ऑपरेशन करून काढला. नांदेडला घरी निघताना डॉक्टरांनी बजावलं, छातीला उशी दाबून रोज खोकायचं, आत कफ साचू द्यायचा नाही. टाके दुखायचे, म्हणून ती टाळायची. खोकली की मी ‘शाब्बास’ म्हणायचो.

कोरोना ओसरल्यासारखा वाटत होता. तिचा भाऊ अर्धापूरहून केळी घेऊन भेटायला आला. मी त्याला दारातच खुर्ची दिली.

“बहिणीला दारातून बघू का, दाजी? मी काय मीटरचं रीडिंग घ्यायला आलो?” मास्क हनुवटीवर ओढून तो थेट तिच्या पलंगावर बसला. आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाला आमच्याकडे बाहेर ठेवत नाहीत. मीही त्याला उठवलं नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी ती न सांगता खोकू लागली. मी खूश. तिचा हात उशीकडे जात नव्हता, हे मला दिसत होतं; पण मी त्याचा अर्थ लावला नाही. दुपारी भावाचा फोन आला. त्याला ताप होता, टेस्ट पॉझिटिव्ह आली होती.

मी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं. एरवी पंचाण्णवच्या वर असायचं, एक्क्याण्णव दिसलं. बोट गार असेल म्हणून चोळून पुन्हा लावलं. नव्वद.

“किती?”

“ठीक हाय.”

“खरं सांगा. तुम्हाला खोटा आकडा सांगता येत नाही.”

सांगितला. दोन्ही फुप्फुसं शाबूत असलेली माणसं गेलेली आम्ही पाहिली होती. हिच्याकडे तर मुळातच कमी शिल्लक होतं. हिशेब दोघांनाही कळला. मी लातूरला फोन लावला.

लातूरच्या डॉक्टरांनी लगेच बोलावलं. गाडीत ती खोकली की मी उशी तिच्या छातीला दाबत होतो, आणि एकीकडे वाटायचं, आता खोकू नये. मग थोडा वेळ ती खोकली नाही, तर त्याचीही भीती वाटली. वॉर्डाच्या दारावर मला अडवलं. उशीही आत घेतली नाही.

ती वाचली. भाऊही घरीच बरा झाला. आता तो आला की दारातच उभा राहतो. परवा तसाच उभा होता आणि स्वयंपाकघरातून खोकला ऐकू आला. आम्ही दोघंही बोलता बोलता थांबलो.

“मिरचीची फोडणी हाय रे,” आतून आवाज आला. “बोला तुमचं.”