सहावी 'ब'चा हर्रास

गोपिका उमाठे बाईंनी इंग्रजी पहिल्यांदा ऐकली ती वयाच्या अकराव्या वर्षी, काटोलच्या शाळेत, आणि तेव्हा त्यांना वाटलं की मास्तरांना ताप चढला असावा. मास्तर फळ्याकडे तोंड करून म्हणत, मागून पंचेचाळीस पोरं म्हणत, आणि अर्थ विचारायची पद्धत नव्हती. अर्थ गाइडात असे, आणि गाइड फक्त एका पोराकडे असे. पुढे बाई बी.ए. झाल्या, बी.एड. झाल्या, इंग्रजीत पंचावन्न टक्के घेऊन बसल्या. पण एकदा नागपूर स्टेशनावर कोण्या परदेशी पाहुण्यानं त्यांना गाडीबद्दल काही विचारलं, तेव्हा त्या 'यस' म्हणाल्या आणि संत्र्यांच्या पेट्यांच्या थप्पीमागे जाऊन उभ्या राहिल्या. गाडी सुटेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नाही, पण त्या पेट्यांमागेच एक ठरवलं: आपल्या हाताखालचं पोरगं असं लपणार नाही.

शहाऐंशी साली त्या नागपुरात कळमन्याच्या धान्यबाजाराजवळच्या एका शाळेत तात्पुरत्या बाई होत्या. दोन वर्षं भरत आली होती. मार्चच्या तपासणीत शेरा बरा पडला तर कायम, नाही तर तीस एप्रिलला खडू परत करून काटोलची एस.टी. धरायची, इतका साधा हिशोब होता. काटोलला थोरला भाऊ म्हणतच होता, "झाली नोकरी करून. आता संत्र्याच्या पेट्या मोज."

शाळेतली निम्मी पोरं बाजारवाल्यांची. कोणाचा बाप हमाल, कोणाचा अडत्याकडे दिवाणजी, कोणाचा धान्य मोजणारा मापारी. या पोरांना 'धिस इज अ पेन' शिकवायला पहिलं वर्ष गेलं, आणि वर्षाअखेर पोरांनी पेन बघितला की मान खाली घालायची सवय लावून घेतली. मग एका दुपारी खिडकीतून हर्रासाचा आरडाओरडा ऐकू आला. हर्रास म्हणजे लिलाव. बाईंच्या लक्षात आलं की आपल्या वर्गातलं सगळ्यात मुकं पोरगं, लहानू, ओठांतल्या ओठांत त्या बोली म्हणून राहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात एक रिकामं पोतं आणून अंथरलं. चिंचोके, गोट्या, संत्र्याची वाळकी सालं, जे सापडेल ते माल. एक विकणारा, चार घेणारे, एक मापारी. सगळं इंग्रजीत. खेळात जो मराठी बोलेल त्याचा माल जप्त, आणि त्यानं तास संपेपर्यंत पोत्यावर बसायचं. पहिल्या दिवशी अख्खा वर्ग पोत्यावर बसला. जागा पुरली नाही. पण आठवड्याभरात लहानू "युवर गुड्स आर व्हेरी बॅड" असं तोंडावर सांगू लागला, आणि समोरचं पोरगं "युवर आईज आर बॅड" म्हणून उलटू लागलं. व्याकरणाचे हाल होत होते, पण पोरांची तोंडं उघडली होती.

एकच अडचण आली. मापारी झालेली जिजा पहिल्या मापाला 'वन' म्हणेना. तिचा बाप धोंडबा खरोखरचा मापारी. तो दुसऱ्या दिवशी टोपी हातात घेऊन वर्गाच्या दाराशी आला.

"बाई, पोरगी म्हणते तुमी तिले 'वन' म्हणाले लावून राहिल्या."

"हो. एकाला वनच म्हणतात, धोंडबा."

"म्हणत असतीन. पण पहिल्या मापाले एक म्हणतच नाही. पहिलं माप लाभ. एक म्हटलं का बरकत तिथंच थांबते. पायल्या गेल्या, किलो आले, पण लाभ कोणी सोडला नाही. दोनपासून तुमची इंग्रजी चालू द्या, मायं काही म्हणणं नाही."

बाई शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांच्या बापानंही खळ्यावर कधी एक म्हटलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली, आणि सहावी 'ब'च्या इंग्रजीत एक मराठी शब्द कायम झाला. बाई स्वतः मात्र अजून झाल्या नव्हत्या.

मुख्याध्यापक मनोहरराव दाणी हे नागपूरच्या महाल भागातले. तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या, त्यामुळे आवाजाची त्यांना मुळातच भीती. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी बाईंना बोलावलं.

"उमाठे बाई, उद्या काळमेघ साहेब येताहेत. ते पोतं वर्गात दिसता कामा नये."

"सर, पोरं त्या खेळातच बोलतात."

"तपासणीत बोलायचं नसतं बाई. उत्तर द्यायचं असतं. धडा वाचून घ्या, भाषांतर करून घ्या, मोकळ्या व्हा. तुमच्याच भल्याचं सांगतोय. शेरा वाईट आला तर तुमच्यासाठी मला काहीच करता येणार नाही."

बाईंनी कबूल केलं. पोतं घडी करून कपाटामागे टाकलं. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

काळमेघ साहेब अकराच्या ठोक्याला आले. अंगानं उंच, चेहऱ्यावर काही लिहिलेलं नाही. मागच्या बाकावर बसले, वही उघडली. दाणी सर दाराशी, हात मागे. बाईंनी धडा काढायला सांगितला. जिजानं तीन ओळी वाचल्या आणि चौथ्या ओळीला ती अडकली. लहानूला भाषांतर विचारलं, तर तो जुना लहानू झाला. त्याची मान खाली गेली.

साहेब उठले. "हाऊ मेनी विंडोज आर देअर?"

चाळीस पोरं. खिडक्या दोन. कोणी बोलेना. बाहेरून बाजारातला आवाज येत होता, आत पंख्याची कुरकुर.

साहेबांनी दुसऱ्या पोराला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. मग खाली बसून वहीत काहीतरी लिहिलं. एकच ओळ असेल. पेनाचं टोपण 'टक्' करून लावलं.

त्यांनी दाणी सरांकडे पाहिलं. सर भिंतीवरच्या नकाशात नागपूर शोधत होते.

बाईंना पेट्या आठवल्या. आज चाळीस पोरं त्यांच्या डोळ्यांदेखत पेट्यांमागे जाऊन उभी होती, आणि उभं करणाऱ्या त्याच होत्या. त्या कपाटामागे गेल्या, पोतं ओढलं, फरशीवर झटकलं. धुळीनं साहेबांना शिंक आली. दाणी सरांनी डोळे मिटले.

"मार्केट इज ओपन," बाई म्हणाल्या. आवाज जरा चिरका निघाला.

मग लहानूनं खिशातून चिंचोके काढले. ते खिशात होतेच. "व्हेरी गुड गुड्स. फ्रॉम काटोल. हू विल बाय?"

"नॉट गुड. ओल्ड," मागून कोणी म्हणालं.

"यू आर ओल्ड."

साहेबांनी टोपण पुन्हा काढलं. बोली चढत गेली, दोन पोरं बाकावरून अर्धी उभी राहिली, खिडक्या न मोजणारे सगळे दहा, बारा, पंधरा इंग्रजीत ओरडू लागले. सौदा पंधराला पटला. जिजा पोत्यापाशी बसली आणि ओंजळीनं मोजू लागली.

"लाभ. टू. थ्री. फोर."

"वेट," साहेब म्हणाले.

वर्ग थांबला. साहेब पुढे आले. "पहिल्याला काय म्हणालीस? इज इट इंग्लिश?"

जिजानं ओंजळ तशीच धरून ठेवली.

"से वन."

जिजानं बाईंकडे पाहिलं. साहेबांनीही बाईंकडे पाहिलं. "बाई, सहावीतल्या मुलीला वन येत नाही?"

दारातून दाणी सर हळूच, दातांतून म्हणाले, "म्हणवून घ्या ना तिच्याकडून."

सोपं होतं. बाईंनी "म्हण" म्हटलं असतं तर जिजानं मुकाट्यानं म्हटलं असतं, कारण ती बाईंचं कधी मोडत नसे. एक शब्द, आणि तपासणी पार. पण धोंडबासमोर डोलावलेली मान त्यांचीच होती. शिवाय मराठीत समजावून सांगावं, तर खेळ चालू होता आणि पोतं समोर होतं.

"जिजा," बाई म्हणाल्या, "टेल सर. व्हाय नॉट वन?"

हा प्रश्न खेळात कधीच आला नव्हता. गाइडात तर नव्हताच. जिजाचे ओठ हलले, आवाज आला नाही. लहानू तिच्याकडे असा पाहत होता, जणू तिच्या डोक्यावर पोतं आहे आणि ते पडणार.

"सर," जिजा म्हणाली, "वन इज... फिनिश. माय फादर नो वन. हिज फादर नो वन." ती अडली, ओंजळीतले चिंचोके खाली ठेवले. "फर्स्ट इज फॉर गॉड. देन टू, थ्री, फॉर यू. यू वाँट वन, आय से वन. बट देन युवर लॉस, सर."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर अजूनही काही लिहिलेलं नव्हतं.

"इट विल बी युवर लॉस," त्यांनी दुरुस्त केलं.

"नो सर," जिजा म्हणाली. "नॉट माय. युवर."

साहेब वही मिटून बाहेर पडले. दाणी सर मागोमाग. कचेरीचं दार लागलं.

पुढची वीस मिनिटं बाईंनी कशी काढली ते त्यांनाही आठवत नाही. खेळ त्यांनी थांबवला नाही. थांबवायला सांगणारं तिथं कोणी नव्हतं. हिशोब तर सरळ होता: साहेबांची पहिली ओळ खिडक्यांची, दुसरी बहुतेक लाभाची, आणि तिसरी तीस एप्रिलची. त्यांनी फळ्यावर एक ओळ लिहिली, पुसली, तीच पुन्हा लिहिली.

दाणी सर शेरेबुक घेऊन आले. एरवी ते शिपायाच्या हाती पाठवत. बाईंच्या टेबलावर उघडं ठेवलं आणि शेऱ्यावर बोट टेकलं.

साहेबांचं अक्षर बारीक होतं. 'वाचन कच्चे. व्याकरण कच्चे. विद्यार्थी इंग्रजीत भांडतात. समाधानकारक. शिक्षिकेस कायम करण्यास हरकत नाही.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. 'हरकत नाही' हे शब्द तिसऱ्यांदा वाचले.

"अगं माय वं," त्या म्हणाल्या.

मग जिजानं बोट वर केलं.

"बाई. मराठी."

"मार्केट इज ओपन, बाई," लहानूनं आठवण करून दिली. त्याच्या आवाजात दया नव्हती.

दाणी सरांना काही कळेना. ते म्हणाले, "काय झालं?" आणि चाळीस डोकी त्यांच्याकडे वळली, कारण तेही मराठीतच होतं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, पदर सावरला आणि पोत्यावर जाऊन बसल्या. मग त्यांनी थोडं सरकून शेजारी जागा केली.

"प्लीज सिट, सर," त्या म्हणाल्या.

दाणी सर दारापर्यंत मागे सरले आणि तिथेच उभे राहिले. पण आत पाहत राहिले, आणि शिपायाला घंटेची खूण तेच करत, म्हणून तास संपल्याची घंटा द्यायला त्या दिवशी शाळेला तीन मिनिटं उशीर झाला.