वाचून न दाखवलेली तोड

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्यात, एका सकाळी, आमच्या गावच्या देशमुखांच्या धाकट्या मुलानं मला पाहुण्यांसमोर दगडी फरशीवर आपटलं. माझा वरचा पुढचा दात अर्धा तुटला. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. गाव लोहारा-सास्तूर रस्त्यापासून आत, त्या वेळच्या उमरगा तालुक्यात.

भांडण झालेलं नव्हतं. माझी काही चूक नव्हती. पाहुणे मुलीकडचे होते, लातूरच्या बाजूचे. होणाऱ्या जावयाला जपानी कुस्ती येते, हे त्यांना दाखवायचं होतं. डाव दाखवायचा तर कुणीतरी पडावं लागतं. मला हाक मारली.

मी उठलो तेव्हा तोंडात रक्त होतं. मुलीच्या मामानं विचारलं, पोराला लागलं का. थोरले देशमुख म्हणाले, "त्याचं काय. त्याला पडायलाच ठेवलाय."

पाहुणे हसले. मामाही हसला. मग त्याच मामाची दाढी करायला मला बसवलं. आम्ही गावचे न्हावी. वडील दुसऱ्या पाहुण्याचं डोकं करत होते, म्हणून मामा माझ्या वाट्याला आला. मी ओठ घट्ट मिटून वस्तरा लावला. देशमुखांनी ओसरीवरून बजावलं, "रक्त पाहुण्यांच्या धोतरावर पडू देऊ नको."

पडू दिलं नाही. गिळलं.

देशमुखांच्या वाड्यामागं त्यांची घरची तालीम होती. सकाळी तिथली माती मोकळी करायची, झाडायचं, धाकल्या मालकांना तेल लावून मालिश करायचं, हे माझं काम. धाकले मालक अंगानं भरलेले होते, पण कुस्तीत त्यांचं नाव झालं नव्हतं. गावचे पैलवान त्यांच्याशी धरत. मात्र मुद्दाम पडत नसत. म्हणून मी चौदा वर्षांचा असताना त्यांनी पुण्याहून टपालानं एक पुस्तक मागवलं. जपानी कुस्ती, गुरूशिवाय शिकण्याची. आत पांढरी बनियन आणि अर्धी चड्डी घातलेल्या दोन मिशाळ माणसांच्या आकृत्या होत्या. एक नेहमी पाडणारा. दुसरा नेहमी पडणारा.

अडचण एकच आली. धाकले मालक निजामाच्या वेळेला उस्मानाबादेत शिकले होते. शिक्षण सगळं उर्दूतून. मराठी आमच्यासारखीच बोलत. पण छापील मराठी वाचताना ओळीवर बोट ठेवावं लागे, आणि जोडाक्षर आलं की बोट थांबे. त्यांना ते कुणासमोर नको होतं. मी नंतरचा. पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर गावातली मराठी शाळा नीट चालू झाली आणि मी सातवीपर्यंत गेलो. धाकल्या मालकांनी पुस्तक माझ्या अंगावर टाकलं. "तू वाच. मी करतो."

मी वाचायचो. ते आकृती बघून पाय लावायचे. मग मला उचलून टाकायचे. मी वाचायचं आणि मीच पडायचं. पुस्तकात पहिलाच धडा पडावं कसं याचा होता: हनुवटी छातीला, हात जमिनीवर सपाट. तो धडा त्यांनी ऐकून सोडून दिला. त्यांना लागणार नव्हता. मी तो पाठ केला. तालमीच्या मातीत तो उपयोगी पडला. फरशीवर नाही.

दात तुटला त्या दिवशी घरी आलो. वडिलांना म्हणालो, उद्यापासून जाणार नाही.

वडील सहाणेवर वस्तरा लावत होते. म्हणाले, "पड की. पडून कोन मेलंय? सुगीला त्येंच्याच खळ्यावर जायचंय आपल्याला."

गावानं वर्षाचं धान्य द्यायचं आणि आम्ही वर्षभर गावाची डोकी करायची, हे बलुतं. सगळ्यात मोठं खळं देशमुखांचं. वडील खोटं बोलत नव्हते. मी दुसऱ्या दिवशी गेलो.

पण वेगळ्या कामाला गेलो. पुस्तकाच्या शेवटी बारीक टायपात काही पानं होती. आकृत्या नव्हत्या, म्हणून धाकल्या मालकांनी ती कधी उघडली नव्हती. त्या पानांत प्रत्येक डावाची तोड होती. समोरच्यानं असं धरलं तर तुम्ही काय करायचं. त्या सकाळी मालिश करताना त्यांनी पालथं पडल्या पडल्या विचारलं, "मागं काय हाय रे त्यात?"

"औषधांच्या जाहिराती, मालक."

"शक्तीची असतील तर मागवू," ते म्हणाले, आणि हसले. मीही हसलो. तुटका दात दिसला असेल. त्यांचं तोंड मातीकडं होतं.

त्यानंतर रोज ते यायच्या आधी मी तालीम झाडून घ्यायचो आणि उरलेल्या वेळात मागची पानं वाचायचो. पाठ करायचो. ते आले की पुढची पानं वाचायचो. मोठ्यानं, स्वच्छ, एकेक शब्द. त्यांना माझं वाचन आवडायचं. पाहुण्यांना सांगायचे, न्हाव्याचं पोरगं काय वाचतंय.

तोड नुसती वाचून येत नाही. समोर धरणारा लागतो. गावात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी आईला सांगितलं. दुपारी शेळीच्या गोठ्यात ती शेंगा फोडत बसली होती. म्हणालो, माझं मनगट धर. तिनं ताप बघावा तसं धरलं.

"असं न्हाय. वैरी धरतो तसं."

"माझ्याच पोराला वैऱ्यावानी धरू व्हय? शेंगा ऱ्हायल्यात माझ्या फोडायच्या."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. दाताकडं पाहिलं. टोपली बाजूला सारली, पदर खोचला आणि धरलं. आयुष्यभर जात्याचा खुंटा धरलेला हात होता तो. मनगट सुटेना. तिनं विचारलं, त्यो दुसरा हात कुठं घालतोय. मी सांगितलं, बनियनच्या गळ्याला. तिनं गळा धरला. उन्हाळाभर आम्ही हेच केलं. एकदा ती माझ्या हातून मातीत बसली. उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "त्येला असं हळू बसवू नगंस."

मला सगळ्या तोडी नको होत्या. एक हवी होती. फरशीवर मला ज्या डावानं पाडलं होतं, त्याची. त्या डावात पाडणारा तुमचा हात ओढून तुमच्याकडं पाठ करतो, तुम्हाला पाठीवर घेतो आणि डोक्यावरून पुढं टाकतो. पाठ केली की त्याला तुम्ही दिसत नाही. तो डाव धाकल्या मालकांचा आवडता होता, कारण त्यात पडणारा उंच जातो आणि बघणाऱ्यांना दिसतो.

नागपंचमीला गावाबाहेरच्या मैदानात कुस्त्या होत. त्या वर्षी देशमुखांनी जाहीर केलं, गावच्या कुस्त्या झाल्यावर जपानी कुस्ती होईल. लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. लातूरकडचे पाहुणे पुन्हा आले होते. मामाही होता. बंदोबस्ताला पोलिसांचे जमादार होते. हलग्या लागल्या होत्या. धाकले मालक आकृतीतल्यासारखी पांढरी बनियन आणि अर्धी चड्डी घालून उतरले. मैदानात शिरताना माझ्या कानाशी म्हणाले, "आज जोरात पड. आवाज आला पायजे."

पहिल्या डावाला मी जोरात पडलो. आवाज आला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. दुसऱ्या डावालाही पडलो. त्यांच्या मनात काही यायला नको होतं.

मग त्यांनी तो डाव लावला. हात ओढला, पाठ फिरवली. मी कंबर खाली सोडली. माझा मोकळा हात त्यांच्या कोपराखालून घातला आणि त्यांचाच हात त्यांच्या पाठीवर वर नेला. ते गुडघ्यावर आले. मग छातीवर आले. त्या तोडीखाली पुस्तकात एक ओळ होती: येथे थांबावे, पुढे जोर दिल्यास सांधा निखळतो.

मी जोर दिला.

हलगी आणखी थोडा वेळ वाजत राहिली. वाजवणाऱ्यांना कळलं नव्हतं. धाकल्या मालकांचा गाल मातीत होता. ते ओरडले नाहीत. त्यांना दुखण्याच्या आधी आश्चर्य वाटलं होतं. म्हणाले, "हे पुस्तकात न्हाय."

"हाय," मी म्हणालो. "तुला वाचून दाखवलं न्हाय."

त्यांना एकेरी बोलण्याची माझी ती पहिली वेळ.

देशमुखांच्या गड्यांनी मला ओढून काढलं आणि मारलं. जमादारांनी सोडवलं. गावात सांधा निखळला की वडिलांनाच बोलावत. तेव्हाही बोलावलं. वडील आले, धाकल्या मालकांच्या काखेत टाच रोवली, हात ओढला आणि सांधा बसवला. माझ्याकडं पाहिलं नाही. सांधा बसला. पण तो हात पुढं कधी खांद्याच्या वर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार चावडीत बसले. मला आणि वडिलांना बोलावलं. थोरले देशमुख आधीच आले होते. ते चिडलेले नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं. चावडीत देशमुखांसमोर आमच्या घरातलं कुणी तोवर बसलेलं नव्हतं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. खेळ होता. पाय घसरला. चुकून झालं. पोरंच आहेत. मी तसं लिहून दिलं की मामला मिटला. तक्रार नाही, खटला नाही. न्हाव्याचं बलुतं चालू राहील, आणि मी सोमवारपासून तालमीत यायचं.

न्हाव्याच्या पोरानं देशमुखाच्या पोराला ठरवून पाडलं, हे त्यांना कागदावर नको होतं. मामा अजून गावात होता. चुकून पाडलं, तर काही झालंच नव्हतं. मग मी पुन्हा पडायला मोकळा.

जमादारांनी जबाब आधीच लिहिला होता. तो माझ्यापुढं सरकवला. "कर सही."

मी म्हणालो, वाचतो.

"सांगितलं की काय लिहिलंय ते. वाचून काय करतोस?"

मी वाचला. मोठ्यानं, धाकल्या मालकांना वाचून दाखवायचो तसा. खेळ चालू असता माझा पाय घसरून चुकून अमुक यांचे हातास दुखापत झाली. मी कागद परत सरकवला.

"चुकून न्हाय. जाणून."

जमादार समजावणीच्या सुरात बोलले. तसं लिहिलं तर खटला होईल. गाव सुटेल. पोटाचं काय करशील? मी म्हणालो, पुस्तकात लिहिलंय इथं थांबावं. ते मी वाचलं होतं. तरी थांबलो नाही. हे लिहा.

जमादार वडिलांकडं वळले. "न्हावी, समजाव पोराला."

वडील दाराशी उभे होते. त्यांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ते खळ्याचं बोलतील. ते देशमुखांकडं बघून बोलले. आवाज चढलेला नव्हता.

"इतकी वर्सं त्यो काय चुकून पडत न्हवता, मालक."

देशमुख उठले. पायताण घातलं आणि चावडीच्या पायऱ्या उतरून गेले.

जमादारांनी ‘माझा पाय घसरून चुकून’ या शब्दांवर रेघ मारली. वर ‘माझ्याकडून जाणून’ लिहिलं. पुस्तकातली ओळ वाचलेली असतानाही थांबलो नाही, हे वाक्य मी सांगितलं तसं खाली घेतलं. मी सही केली. साक्षीदार म्हणून त्याखाली वडिलांचा अंगठा आहे.