माशांचा श्रावणी सोमवार

गेल्या पावसाळ्यात आमच्या नांदेडच्या घराची बेल वाजली, की मी आधी पडदा पाडायचो आणि मग दार उघडायचो. पडदा म्हणजे बायकोची जुनी साडी. तिच्यामागे तीन फुटी काचेची टाकी, टाकीत दोन गोल्डफिश, आणि गोगलगायी. किती, ते विचारू नका. मी एका टोकापासून मोजायला लागायचो आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला नव्या आलेल्या असायच्या.

टाकी आईसाठी आणली होती. आईचा गुडघा बदलला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, पाय रोज वाकवलाच पाहिजे. आईचं एकच उत्तर, "दुखतोय." मला वाटलं, हिच्यासमोर काहीतरी हलणारं ठेवावं. टीव्ही हलतो, पण त्यातली माणसं भांडत असतात. म्हणून मासे आणले. मोठा मासा या टोकाकडून त्या टोकाला गेला, की आईने एकदा गुडघा वाकवायचा, असं ठरलं. मासा रेंगाळला, की आई काचेवर टिचकी मारायची. "चल की रे बाबा, माझा पाय आखडू लागलाय!" दोन महिन्यांत ती काठी टेकत स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागली.

मग मला हौस आली. मी टाकीत लावायला एक हिरवं रोप आणलं. त्याच्या पानामागे तिळाएवढ्या दोन गोगलगायी होत्या. आई खूश झाली, "जोडी आली!" म्हणाली. जोडीने वेळ दवडला नाही. दीड महिन्यात काच अशी दिसायला लागली, जणू कुणी तिच्यावर मोहरीची फोडणी उडवली आहे.

तिथपर्यंत ठीक होतं. पण एका सकाळी त्यातली एक बाहेर फिरायला निघाली आणि शेजारी पेल्यात ठेवलेल्या कोथिंबिरीत सापडली. सापडली ती बायकोच्या हाताला, आमटीवर कोथिंबीर टाकताना. आमचं गळ्यात लिंग बांधणारं घर. इथे अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि आमटीत सबंध जिवंत प्राणी पडता पडता राहिला होता.

"अहो," बायको शांतपणे म्हणाली. ती शांतपणे बोलते तेव्हा मी उभा राहतो. "पोळ्यापर्यंत मुदत देते. तोवर हे आटोक्यात आलं नाही, तर टाकी जाईल. माशांसकट."

त्या दिवशी मासा कितीदा तरी इकडून तिकडे गेला आणि आईचा गुडघा जागचा हलला नाही.

श्रावण नुकताच लागला होता. म्हणजे हातात एक महिना. मी चौकापलीकडच्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार वयाने मोठे, त्यांना सगळे चाचा म्हणतात. मी गोगलगायी मारायचं औषध मागितलं.

"औषध न्हाई देत मी," चाचा म्हणाले. "औषधानं त्या मरतेत, मेल्यावर पाण्यात सडतेत, मग मासेबी जातेत. पहले ये बोलो, खायला किती टाकता?"

"चिमूटभर," मी ऐटीत सांगितलं.

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "चिमूट कुणाची?"

मला वाटलं, म्हातारा माझी थट्टा करतोय. मी रागाने निघून आलो.

त्याच आठवड्यात बायकोचा भाऊ आला. त्याची शिरूर अनंतपाळकडे सोयाबीनची शेती आहे. पडदा पाडायला मला उशीर झाला.

"दाजी!" तो ओरडला. "तिकडं सोयाबीनमधल्या गोगलगायी येचून येचून आमची कंबर मोडली, अन् तुम्ही हितं दाणे टाकून पाळून राहिलात?"

मग पायजम्याला हात पुसत तो टाकीसमोर उभा राहिला, तज्ज्ञासारखा. "लई सोपं हाय. गुळाच्या पाण्यात पोतं भिजवायचं अन् संध्याकाळी शेतात अंथरायचं. सकाळी पोतं उचललं, की खाली पाटीभर गोगलगायी."

आता कुणी म्हणेल, शेतात जे चालतं ते पाण्यात चालत नाही, गूळ विरघळतो, हे दोन शहाण्यासुरत्या माणसांना कळू नये? नाही कळलं. आम्ही हातरुमालाएवढा पोत्याचा तुकडा कापला, गुळात चांगला मुरवला आणि टाकीत सोडला. वरून टाळीसुद्धा दिली एकमेकांना.

सकाळी आईच्या हाकेने जाग आली. पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. दोन्ही मासे वर येऊन आ वासून हवा गिळत होते. "अरे, धाप लागली रे त्याला!" आई रडकुंडीला आली होती. गोगलगायी मात्र पोत्यावर पंगतीला बसल्या होत्या.

मासे काल भरून ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत गेले. मेव्हणा पहिल्या बसने गावाकडे गेला. आणि मी मान खाली घालून पुन्हा चाचांकडे.

सगळं ऐकून ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. फक्त म्हणाले, "तरी सांगा. चिमूट कुणाची?"

या वेळी मी घरी येऊन टाकीचं पाणी बदललं, मासे परत सोडले आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर पेपरामागे बसून राहिलो. सकाळी पूजा झाली, आईने एक चिमूट टाकली. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी जाताजाता पावाचा चुरा टाकला. शेजारचे निवृत्त गुरुजी आईची चौकशी करायला आले आणि त्यांनी खिशातला फुटाणा दातांनी बारीक करून टाकला. संध्याकाळी माझाच हात खाद्याच्या डबीकडे गेला. बायको तेवढी टाकीकडे फिरकली नाही. दोष तरी कुणाला द्यायचा? आमच्याकडे दारात आलेल्याला आधी जेवलात का, असं विचारतात. आणि मासा तर दिवसभर आमच्याकडे बघून तोंड उघडतो! त्याला खायचं तेवढं तो खात होता. उरलेल्यावर गोगलगायींची लग्नं लागत होती.

हे ऐकून चाचांनी पथ्य लिहून दिलं. दिवसातून एकदा, एकाच हाताने चिमूट. आठवड्यातून एक दिवस काही नाही. संध्याकाळी दोऱ्याला काकडीची चकती बांधून सोडायची आणि सकाळी चिकटलेल्या गोगलगायींसकट उचलून त्यांच्या दुकानात पोचवायची.

आईने डबी पदराखाली घेतली. "सोमवारी माझा उपास असतो. त्यांचाबी सोमवारच धरू." त्यानंतर गुरुजी आले की आई लांबूनच सांगायची, "आज ह्यांचा सोमवार हाय. हात मागं घ्या."

मी रोज सकाळी डबा घेऊन दुकानाकडे. "तिकडं काय होतं रे त्यांचं?" आईने एकदा विचारलं. "चाचांच्या मोठ्या माशांबरोबर राहतात," मी म्हणालो. खोटं नव्हतं. किती वेळ राहतात, एवढंच मी सांगितलं नाही.

तिसऱ्या सोमवारी काच दिसू लागली. शेवटच्या सोमवारी मी मोजल्या, सात. पडद्याची घडी करायला घेतली आणि तळाशी मला काहीतरी दिसलं. पांढरं, गोल, बुळबुळीत. एक, दोन, चार.

"अंडी!" मी किंचाळलो. "ही नवीनच जात आहे!"

आई काठी टेकत आली. मी लांब दांड्याच्या पळीने एक वर काढलं, तळहातावर घेतलं, दाबलं. तो साबुदाणा होता.

"मी न्हाई," आई म्हणाली. मावशी त्या दिवशी आल्या नव्हत्या. गुरुजी परगावी होते. आम्ही दोघांनी हळूच ओट्याकडे बघितलं. बायको पाठमोरी उभी राहून खिचडी परतत होती.

"उपासाला साबुदाणा चालतो," ती न वळता म्हणाली. "सकाळपासून तोंड उघडून बघत होता हो माझ्याकडं. सारखा."

त्यानंतर घरात मुदतीचं नाव कुणी काढलं नाही. आईने खुर्ची टाकीजवळ ओढली आणि काचेवर टिचकी मारली.

"चल रे, आता खाल्लंस ना? फिर जरा."

मासा निघाला. आईने गुडघा वाकवला.